छापता येणारी आणि ताणली जाणारी 'वायर': हातमोज्यासाठी नक्की काय वापरावं?

तिकटगोड:

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी सांगलीकडच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. दरवर्षी फायनल इयरची एक तरी बॅच 'कर्णबधिरांसाठी बोलणारा हातमोजा' (बोटांच्या खुणा ओळखून त्यांचे शब्द बोलून दाखवणारा) घेऊन येतेच. तोच मोजा, तेच पाच फ्लेक्स सेन्सर (वाकवलं की रेझिस्टन्स बदलणाऱ्या पट्ट्या), तोच आर्डुइनो बोर्ड आणि व्हायवाच्या दिवशी त्यातले दोन सेन्सर मेलेले. ज्यांनी हाताळलेत त्यांना ठाऊक असेल, ती पट्टी मधे कितीही वाकवा काही होत नाही, बुडाशी जिथं पिना दाबून बसवलेल्या असतात तिथं तिचा जीव जातो. वर एकेका पट्टीची किंमत पोरांच्या खिशाला न झेपणारी, आणि ती नुसती वाकते, ताणली जात नाही, त्यामुळे मूठ मिटली की पट्टी मोज्यातून पुढं सरकते नाहीतर मधेच फुगा धरते.

यंदा म्हटलं आपणच छापू. मेंब्रेन कीपॅडसाठी येते ती चांदीची पेस्ट एकाकडून थोडी मिळाली, पोरांनी लायक्राच्या कापडावर स्क्रीननं रेघा मारल्या, ओव्हनमधे वाळवल्या. मीटर लावला तर दोन-तीन ओहम, सगळे खूश. आणि कापड जरासं ओढलं की मीटर थेट ओपन, म्हणजे वीज जातच नाही. सोडल्यावर रीडिंग आलं परत, पण कितीतरी पट वाढून. भिंगाखाली धरलं तर रेघेवर आडव्या भेगा, जवळजवळ सारख्या अंतरावर.

तर प्रश्न असा की छापताही येईल आणि ताणलंही जाईल असं कंडक्टिव्ह काहीतरी आपल्याकडं, आपल्या बजेटमधे जमतं का? दुसरी एक बॅच सिलिकॉनचा मऊ ग्रिपर (वस्तू पकडणारा यांत्रिक पंजा) करतेय, हवेवर चालणारा, त्यांनाही बोट किती वाकलं ते कळायला हवंय. त्यामुळे सेन्सर, ॲक्चुएटर (हालचाल घडवणारा भाग) दोन्हीबद्दल बोललात तरी चालेल.

निमशास्त्रज्ञ:

नुसता रुमाल टाकायला आलो होतो, पण लिहितोच आता.

सर, आधी हे ठरवा की तुम्हाला वायर हवीय का सेन्सर. दोघांच्या मागण्या एकदम उलट आहेत. वायर ताणली तरी तिचा रेझिस्टन्स जागचा हलता कामा नये, आणि सेन्सरचा तर तेवढ्याचसाठी हलायला हवा. लोक एकच शाई आणून दोन्ही कामं तिच्याकडून काढायला बघतात आणि मग शाईच्या नावानं बोटं मोडतात.

तुमची पेस्ट का फुटली त्याबद्दल. कीपॅडची पेस्ट पॉलिस्टरच्या फिल्मवर बसायसाठी केलेली असते. त्यात चांदीचे बारीक चपटे पापुद्रे आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. फिल्म वाकते पण ताणली जात नाही, म्हणून रेझिन कडक असलं तरी तिथं चालून जातं. लायक्रावर कापड ताणलं जातं, रेझिन नाही म्हणतं, भेग पडते. चांदीचा यात दोष शून्य.

वीज त्यातून जाते कशी तर पापुद्रा पापुद्र्याला टेकलेला असतो म्हणून. खच्चून भरलेल्या एसटीत मागच्या बाकावरून तिकिटाचे पैसे हातोहात कंडक्टरपर्यंत जातात ना, तसं. गर्दी ठराविक दाटीच्या खाली गेली की हात पोचत नाहीत आणि पैसे मधेच अडकतात. या दाटीच्या हद्दीला परकोलेशन थ्रेशोल्ड म्हणतात. ताणणं म्हणजे गर्दी पांगवणं. म्हणून ताणायच्या शाईत चांदी भरपूर घालावी लागते, वाळलेल्या थरात वजनानं सत्तर-ऐंशी टक्के चांदी असणं नेहमीचं आहे, आणि रेझिनच्या जागी टीपीयू (रबरासारखं ताणलं जाणारं प्लॅस्टिक) नाहीतर एखादं रबर. पण चांदी वाढवत गेलात की रबर कमी पडतं आणि शाई परत कडक होते. या दोन टोकांमधेच सगळी कसरत चाललेली असते.

टोकियो युनिव्हर्सिटीत ताकाओ सोमेया यांच्या ग्रुपनं २०१५ मधे चांदीचे पापुद्रे, फ्लोरिन रबर आणि एक सर्फॅक्टंट (साबणासारखं, मिसळायला मदत करणारं रसायन) असं मिसळून छापता येणारी शाई दाखवली. २०१७ च्या त्यांच्या पुढच्या शाईत तर गंमतच झाली, पापुद्र्यांपासून रबराच्या आतच चांदीचे नॅनो कण आपोआप तयार झाले आणि त्या कणांनी मधल्या फटी भरून काढल्या. वाहकता न ताणता ६००० सिमेन्स प्रति सेंटीमीटरच्या वर आणि ४०० टक्के ताणल्यावरही ९०० च्या वर. हे वायरसाठी स्वप्नवत आहे. सेन्सर म्हणून मात्र तुमच्या मोज्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

स्क्रीनवाला_अण्णा:

इचलकरंजीत स्क्रीन प्रिंटिंगचं काम आहे आपलं, टीशर्ट, लेबल, बॅनर सगळं. सायन्स कळत नाही पण छपाईचं सांगतो.

मास्तर कापडावर डायरेक्ट मारू नका. विणलेल्या कापडाला भोकं असतात, शाई खाली उतरते, वर रेघ दिसते पण ती धाग्याधाग्यावर तुटक बसलेली असते. आधी टीपीयूची हॉटमेल्ट फिल्म घ्या, तिच्यावर छापा, वरून दुसरी फिल्म, आणि मग हीटप्रेसला कापडावर चिकटवा. १३० ते १५० डिग्रीला बहुतेक फिल्म बसतात, पाकिटावर लिहिलेलं असतं ते बघा. जाळी फार बारीक घेऊ नका, पापुद्रे अडकून जाळी बसते आणि खाली नुसतं पाणचट उतरतं, दाखवायला रेघ पण आत माल नाही. दोन हात मारा, पहिला वाळल्यावर दुसरा. स्क्वीजी मऊ नको. आणि चांदीची पेस्ट डब्यात तळाला बसते, वापरायच्या आधी खालपासून ढवळा, हलवून भागत नाही.

कामाला जाळी लागली तर कळवा, डिझाइनची फिल्म पाठवा, जाळीवर एक्स्पोज करून (उजेडानं उमटवून) ठेवतो.

शंकासूर_२:

तांत्रिक चर्चा झकास चाललीय, पण मी मुळावरच येतो. हा मोजा लागतो कुणाला?

२०१६ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांच्या 'साइनअलाउड' मोज्याला लेमेलसन-एमआयटीचं विद्यार्थ्यांसाठीचं बक्षीस मिळालं, जगभर बातम्या आल्या, आणि पाठोपाठ कर्णबधिर समाजातून आणि साइन लँग्वेजच्या अभ्यासकांकडून जाहीर पत्र आलं की बाबांनो हे भाषांतर नव्हे. साइन लँग्वेजचं निम्मं व्याकरण चेहऱ्यावर असतं, भुवया, तोंड, मान, खांदे. मोजा बघतो फक्त बोटं. आपल्या इंडियन साइन लँग्वेजची तर मुळाक्षरंसुद्धा दोन हातांची आहेत आणि कॉलेजची पोरं एकाच हातात मोजा घालून अमेरिकन ए-बी-सी-डी दाखवतात! परत ओझं कुणावर, तर ज्याला ऐकू येत नाही त्यानंच मोजा घालून फिरायचं, ऐकू येणारा निवांत.

अवांतर: बोटांवर छापील सेन्सर ही कल्पनाही जुनीच. १९८९ मधे मॅटेलनं 'पॉवर ग्लव्ह' नावाचा व्हिडिओ गेमचा मोजा काढला होता, त्यातही प्लॅस्टिकच्या पट्टीवर कार्बनची रेझिस्टिव्ह शाईच होती. खेळायला भंगार होता हा भाग वेगळा.

तिकटगोड:

शंकासूर, रोखठोक पण पटलं. पोरांना विचारलं की कुणा कर्णबधिर माणसाला भेटलात का, तर सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मग या मोज्याचं करायचं काय? सेन्सर शिकायला विषय चांगला आहे, सोडवत नाही.

फिजिओताई:

मिरजेत प्रॅक्टिस करते. मी सांगते काय करायचं ते 😀

स्ट्रोकनंतर हात आखडतो, मूठ उघडत नाही. आम्ही व्यायाम देतो, घरी जाऊन किती केला ते पेशंट सांगेल ते खरं. सूनबाई म्हणतात रोज करतात, सासरे म्हणतात करतो की, आणि हाताची अवस्था जैसे थे. बोट दिवसात किती वेळा आणि किती उघडलं एवढं जरी नोंदलं गेलं तरी मला हवंय. मला अचूक अंश नकोत, त्याला आमच्याकडं गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) आहे. कालच्या उघडण्यापेक्षा आजचं जास्त का कमी, बस. मात्र दोन अटी. आखडलेल्या हातात घट्ट मोजा घालताच येत नाही हो, बोटं सरळ होत नाहीत ना, तेव्हा मोजा नको, बोटाच्या पाठीवर चिकटणारी नाहीतर वेलक्रोची पट्टी करा. आणि मऊ हवी. पट्टीनं स्वतःच बोट मागं ओढलं तर व्यायाम कसला मोजताय, तुमचं रबर मोजताय.

तिकटगोड:

ताई, हे फार कामाचं सांगितलंत. म्हणजे बोटाच्या पाठीवर बसणारी, मऊ, ताणली जाणारी पट्टी. पोरं एका पायावर तयार आहेत.

मधल्या काळात एक केलं, कंडक्टिव्ह कार्बन ब्लॅक मागवून सिलिकॉनमधे मिसळला. पट्टी झाली, ताणली की रेझिस्टन्स वाढतो, छान. पण एक विचित्र होतंय. ताणून तसंच धरलं तर रीडिंग एका जागी थांबत नाही, हळूहळू खाली उतरत राहतं. आणि सोडलं की खाली यायच्या ऐवजी आधी एकदम वर उसळी मारतं आणि मग सावकाश उतरतं. प्रोग्रॅममधे सोडताना दुसऱ्यांदा मूठ मिटल्याचं दिसतं. मीटर खराब आहे का म्हणून दुसरा लावला, तेच.

रातपाळी:

मीटर ठणठणीत आहे, कार्बन-रबराचा स्वभावच तो. मी परदेशात याच विषयाच्या लॅबमधे आहे, इथं रात्र झालीय म्हणून सविस्तर लिहितो.

ताणून धरल्यावर रबराच्या साखळ्या सरकत सैल होतात, कार्बनचे कण नव्यानं एकमेकांना टेकतात, म्हणून रीडिंग उतरतं. सोडताना रबर झटक्यात आकसतं, त्या हालचालीत कार्बनच्या कणांच्या जुन्या साखळ्या मोडतात आणि नव्या जुळायला वेळ लागतो, म्हणून ती उसळी. ग्राफवर खांद्यासारखी दिसणारी ही उसळी बहुतेक सगळ्या कार्बन-सिलिकॉन सेन्सरमधे असते. त्यात आणखी मलिन्स इफेक्ट, म्हणजे भरण घातलेलं रबर पहिल्यांदा ताणताना जेवढं कडक तेवढं परत कधीच राहत नाही. त्यामुळे पट्टी वापरायच्या आधी लागणार आहे त्यापेक्षा थोडी जास्तच ताणून पुष्कळदा खेळवून घ्या, पहिली रीडिंगं कचऱ्यात. ताणताना एक आणि सोडताना दुसरंच रीडिंग येतं, याला हिस्टेरेसिस म्हणून पेपरात एका ओळीत उरकतात आणि ग्राफ फक्त ताणतानाचा छापतात, सोडतानाचा नाही. कुठलाही असा पेपर वाचताना परतीचा ग्राफ आहे का ते आधी बघा.

आता दुसरं टोक, द्रव धातू. गॅलियम ७५ टक्के, इंडियम २५ टक्के वजनानं, साधारण साडेपंधरा डिग्रीला वितळतो, म्हणजे सांगलीत बाराही महिने जवळजवळ पातळच. नुसता गॅलियम २९.७६ डिग्रीला वितळतो, तो थंडीत गोठेल. सिलिकॉनच्या आत बारीक नळी करून हा मिश्रधातू भरायचा. द्रव आहे, तुटायचं कारणच नाही. तांब्याच्या मानानं सतराएक पट कमी वाहक, तरी ताणल्या जाणाऱ्या बहुतेक छापील शायांपेक्षा कैक पट सरस. आणि हिशोब इतका स्वच्छ की परीक्षेत घालावा. लांबी दुप्पट झाली, आकारमान तेवढंच, म्हणजे आडव्या छेदाचं क्षेत्रफळ निम्मं, म्हणून रेझिस्टन्स चौपट. ताणतानाही तोच आकडा, सोडतानाही जवळपास तोच.

छापताही येतो तो. हवेत आला की त्यावर काही नॅनोमीटरची ऑक्साइडची साय धरते, एरवी पाण्यागत थेंब होणारा धातू त्या सायीमुळे रेघेच्या आकारात उभा राहतो. २०१३ मधे नॉर्थ कॅरोलायना स्टेटच्या मायकेल डिकी यांच्या ग्रुपनं सुईतून नुसत्या या धातूचे उभे मनोरे आणि तारा काढून दाखवल्या होत्या. पारा नव्हे हा, वाफ जवळपास होत नाही, त्यामुळे त्या अर्थानं भीती नाही. पण हाताला लागला की राखाडी डाग पडतात आणि कपड्यावरून निघता निघत नाही.

आणि अल्युमिनियमपासून लांब ठेवा, अगदी लांब. गॅलियम अल्युमिनियमच्या कणांच्या सांध्यात शिरतो आणि धातू बिस्किटागत चुरतो. ग्रिपरची फ्रेम, हीटप्रेसचा तवा, लॅपटॉपची बॉडी, काहीही.

निमशास्त्रज्ञ:

रातपाळी, उत्तम. फक्त एक भर घालतो. पेशंटच्या घरी, सूनबाईच्या हातात, पंक्चर झालं तर गळणारा धातू द्यायला माझं मन धजत नाही. किंमतही बघा, इंडियम स्वस्त नाही.

तिकटगोड:

बरोबर, माझ्याही मनात तेच आलं. मग स्वस्त कार्बन तर उसळी मारतोय आणि शहाणा धातू गळणारा. अडकलो की परत.

रातपाळी:

नाही अडकलात. शाई बदलू नका, मोजणं बदला.

कार्बन-सिलिकॉनचे दोन थर करा आणि मधे साधं, काहीच न मिसळलेलं सिलिकॉन. झाला कपॅसिटर. हा ताणला की लांबी वाढते, रुंदी आणि जाडी दोन्ही कमी होतात, हिशोब केलात तर रुंदी-जाडीचं कमी होणं एकमेकांना खाऊन टाकतं आणि कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) लांबीच्या सरळ प्रमाणात वाढतो. दीडपट लांबी, दीडपट कपॅसिटन्स. इथं कार्बनचं काम फक्त विद्युतभार प्लेटभर पसरवायचं. त्याचा रेझिस्टन्स दहा किलोओहम असो का वीस, उसळी मारो का लोळण घेवो, कपॅसिटन्स ठरतो तो मापांवर. ज्या दोषामुळे तुमची पट्टी वाया गेली तो दोष राहतो, पण त्याला कुणी विचारत नाही.

अंदाजे आकडे देतो. पट्टी ६० मिमी लांब, ८ मिमी रुंद, मधलं सिलिकॉन अर्धा मिमी. सिलिकॉनचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक २.८ धरा, साधारण २४ पिकोफॅरड येतात. बोट मिटताना पट्टी २० टक्के ताणली गेली तर पाचेक पिकोफॅरडचा फरक. आर्डुइनोच्या पिनवर चार्जिंगचा वेळ मोजून हे करायला गेलात तर वायरचाच कपॅसिटन्स गोंधळ घालेल. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एफडीसी१००४ चिप घ्या, चार चॅनेल, याच कामासाठी आहे. आणि दोन नाही, तीन प्लेटा करा. बाहेरच्या दोन्ही ग्राउंडला, सिग्नल मधलीला. नाहीतर शेजारचं बोट जवळ आलं तरी रीडिंग हलेल, कारण माणसाचं बोट हाही मोठा कंडक्टर आहे.

भोसरीकर:

वाचनखूण साठवली. पण सगळे मटेरियलवरच बोलताय, म्हणून पिंपरी-चिंचवडच्या बाजूनं एक पिन टोचतो. माझी नोकरी कीपॅड आणि सीटखालच्या छापील सेन्सरची. पट्टी मधे तुटून परत आलेली मी फार कमी बघितलीय. तुटते ती जोडावर. मऊ जिथं कडकला भेटतं तिथं. सरांच्या फ्लेक्स सेन्सरचंही तेच झालं, बुडाशी.

सिलिकॉनला सोल्डर लागत नाही. क्रिंप मारलं (पिन दाबून बसवली) की दात आत घुसतात आणि पहिल्याच ताणाला भोक मोठं होतं. तेव्हा पट्टीचा शेवटचा दीड-दोन सेंटीमीटर भाग ताणलाच जाणार नाही असा करा. तिथं सिलिकॉन ओलं असतानाच न ताणलं जाणारं कापड रुतवा, सिलिकॉन विणीत शिरतं आणि वाळल्यावर सुटत नाही. त्याच भागात कंडक्टिव्ह धागा किंवा चांदीचं कापड कार्बनच्या थरात पुरून बाहेर काढा आणि बाहेर त्याला टिचबटण लावा, वायर बटणाला. कडकपणा एकदम संपवू नका, कापडाचं टोक सरळ कापण्यापेक्षा निमुळतं कापा, म्हणजे ताण एका रेषेत जमत नाही. जोड मनगटाकडं घ्या, बोटाच्या पेरावर नको.

आणि अण्णांच्या पद्धतीनं चांदीच्या वायरी टीपीयूवर छापणार असाल तर घामाचा विचार करा. ओल आणि डीसी व्होल्टेज एकत्र आलं की चांदी एका रेघेतून शेजारच्या रेघेकडं हळूहळू सरकत जाते आणि शॉर्ट होतं. कीपॅडच्या शेपटीवर (जोडणीसाठी बाहेर काढलेल्या पट्टीवर) आम्ही उघड्या चांदीवर कार्बनचा एक हात मारतो तो त्यासाठीच.

स्क्रीनवाला_अण्णा:

भोसरीकर बरोबर. आणि टीपीयूवरची शाई सिलिकॉनवर मारू नका कुणी, वाळल्यावर पापड निघतो सरळ. सिलिकॉनला सिलिकॉनच धरतं. उलट सिलिकॉन जाळीत वाळलं तर ती जाळी गेली कायमची, म्हणून कार्बनच्या कामाला माझी चांगली जाळी मागू नका 😅 त्यापेक्षा रेडियमवाल्याकडं जा, नंबरप्लेट कापतो तो, त्याच्या प्लॉटरवर स्टिकरमधे पट्टीचा आकार कापून घ्या, तेच स्टेन्सिल. स्टिकर चिकटवा, माल ओता, सरळ पट्टीनं ओढा, स्टिकर ओला असतानाच उचला. दोन स्टिकर एकावर एक लावले की थर जाड.

रातपाळी:

अण्णा, आमच्या लॅबमधे याच कामाला महागडं यंत्र आहे, हे वाचून आता त्याच्याकडं बघवत नाही.

सिलिकॉनबद्दल एक इशारा. मऊ सिलिकॉन बहुतेक प्लॅटिनम क्युअर (प्लॅटिनमच्या मदतीनं वाळणारं) असतं आणि त्याला गंधक, कथील, अमाईन चालत नाहीत. लॅटेक्सचे ग्लव्ह्ज घालून कालवलंत तर जिथं बोट लागलं तिथं चिकटच राहतं, नायट्राइलचे वापरा. मूर्तीच्या साच्यासाठी बाजारात मिळतं ते आरटीव्ही सिलिकॉन बहुतेक वेळा कथिलावर वाळणारं असतं, त्या साच्यात प्लॅटिनमचं ओतलं तर पृष्ठभाग कधीच सुकत नाही. रेझिनच्या थ्रीडी प्रिंटरवरचे ताजे साचेही तोच त्रास देतात. कार्बन ब्लॅकची पूड उडते, मास्क लावूनच हाताळा. आणि टायरवाला नाहीतर रंगवाला कार्बन नको, कंडक्टिव्ह ग्रेडचाच, त्याचे कण झुपक्याझुपक्यानं असतात म्हणून कमी मालात साखळी जुळते. वजनानं पाचेक टक्क्यांपासून सुरू करा, दहाच्या पुढं कालवता कालवता हात दुखतील आणि पट्टीही कडक होईल, मग ताई ओरडतील.

शंकासूर_२:

ग्रिपरवाल्या पोरांचं काय झालं? का त्यांना सगळे विसरले?

निमशास्त्रज्ञ:

नाही विसरलो. हवेवर चालणारं बोट असेल तर हीच कपॅसिटर पट्टी ओतताना बोटाच्या पाठीत, म्हणजे जी बाजू ताणली जाते तिकडं, पुरून टाका. हार्वर्डच्या जेनिफर लुईस यांच्या ग्रुपनं २०१४ मधे न वाळलेल्या सिलिकॉनमधे सुई बुडवून आतल्या आत कार्बन ग्रीसच्या (कार्बन मिसळलेल्या वीजवाहक ग्रीसच्या) रेघा छापल्या होत्या, सेन्सर आणि शरीर एकाच वेळी तयार. आपल्याला सुईचा प्रिंटर नको, अर्धं ओतायचं, पट्टी ठेवायची, उरलेलं ओतायचं.

विजेवर चालणारे ॲक्चुएटर म्हणत असाल तर त्यात गंमत आहे. रातपाळी यांनी सांगितलेला कपॅसिटरच उलटा चालवायचा. प्लेटांवर भरपूर व्होल्टेज दिलं की त्या एकमेकींना ओढतात, मधलं रबर चेपतं आणि बाजूला पसरतं. १८८० साली राँटगेननं, एक्स-रे सापडायच्या पंधरा वर्षं आधी, टांगलेल्या रबराच्या पट्टीवर विद्युतभार सोडून ती लांबते हे दाखवलं होतं. २००० मधे अमेरिकेत एसआरआय या संशोधन संस्थेच्या पेलराइन आणि सहकाऱ्यांनी १०० टक्क्यांच्या वर ताण मिळवला आणि मग सगळं जग मागं लागलं. घरगुती प्रयोगात थ्रीएमची व्हीएचबी टेप (ताणली जाणारी चिकटपट्टी) चारी बाजूंनी ताणून चौकटीवर लावतात आणि दोन्हीकडून कार्बन ग्रीस फासतात. इथं प्लेट ताणली गेली नाही तर रबरही हलत नाही, म्हणून मऊ कंडक्टरशिवाय हा खेळच नाही.

भोसरीकर:

आणि व्होल्टेज किती लागतं तेही सांगा की राव.

निमशास्त्रज्ञ:

चार-पाच किलोव्होल्ट 🙂 करंट अगदी कमी लागतो, पण सप्लाय त्याहून जास्त करंट द्यायच्या लायकीचा असेल तर जिवाशी खेळ. करंट मर्यादित केलेला छोटा मॉड्यूल, डिस्चार्ज करायचा रेझिस्टर, एक हात खिशात आणि सर स्वतः समोर हजर. नुसत्या पोरांच्या हवाली करू नका. पेशंटच्या हातावर तर अजिबातच नाही.

फिजिओताई:

माझ्या पेशंटला किलोव्होल्ट? बंद करा ते. पट्टी कुठपर्यंत आली?

तिकटगोड:

ताई, पट्टी आली. तीन प्लेटा, रेडियमचं स्टेन्सिल, शेवटी निमुळतं कापड आणि टिचबटण. पहिल्या ओतण्यात मधल्या थरात हवेचे बुडबुडे राहिले आणि एका जागी दोन प्लेटा टेकल्या, मग पोरांनी मधलं सिलिकॉन दोन पातळ हातांत ओतलं, एकाचं भोक दुसऱ्यानं बुजलं. स्वतःच्या बोटावर लावून बघितलं, मिटलं की आकडा चढतो, धरून ठेवलं तर तिथंच राहतो, सोडलं की जवळपास मूळ जागी. ती मधली उसळी गायब. एका पोराचं म्हणणं उन्हात ठेवल्यावर सुरुवातीचा आकडा थोडा सरकतो, तर त्याला सांगितलंय की पट्टी लावल्यावर पहिल्यांदा बोट सैल ठेवून शून्य पकड आणि पुढचं त्याच्यापासून मोज.

अडचण एक उरलीय. बोटाच्या पाठीवर ती जागच्या जागी राहत नाही. वेलक्रो पेराच्या दोन्ही बाजूंना लावला तर आखडलेल्या बोटावर बसेल का, का मेडिकल टेप वापरू? आधी बघून घ्यावं म्हणतो.

फिजिओताई:

टेप नको, वयस्कर माणसांची कातडी सोलते. वेलक्रो पण रुंद नको, बोटाची सूज दिवसभरात कमी-जास्त होते. दोन मापांच्या आणा, लहान-मोठी. शनिवारी दुपारी दवाखान्यात गर्दी नसते, पोरांना घेऊन या, आधी माझ्या हातावर लावू. पेशंटला लावायचं नंतर बघू, त्यांच्या घरच्यांना विचारून.

स्क्रीनवाला_अण्णा:

मास्तर ती टीपीयूवरच्या चांदीच्या वायरीची फिल्म राहिलीय तुमच्याकडून. दोन मापं करायची असतील तर दोन्ही एकाच शीटवर घ्या, एकाच जाळीत काम होईल. आणि रेघांमधे अंतर ठेवा जरा, शाई पसरते.